एका मिनिटासाठी किती पैसे घालायचे?

प्रश्न : मी ३८ वर्षांची आहे, कराडजवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तीन वर्षांपासून पळते. साताऱ्याची हिल मॅरेथॉन दोनदा पूर्ण केली. पुण्यात सपाट रस्त्यावर अर्धमॅरेथॉन २ तास ८ मिनिटांत झाली. आता जानेवारीत मुंबईची अर्धमॅरेथॉन दोन तासांच्या आत करायची आहे. ग्रुपमधले सगळे म्हणतात, कार्बनचे, म्हणजे सोलमध्ये कार्बनची पट्टी असलेले, शूज घे. त्यांची किंमत वीस हजारांच्या घरात आणि माझं बजेट सहा हजार, तेही घरात सांगताना जड जातं. एकजण तेच शूज ‘फर्स्ट कॉपी’मध्ये तीन हजारांना आणून देतो म्हणतोय. माझे आत्ताचे शूज वाण्याच्या काट्यावर ठेवले, तर एक बूट २८५ ग्रॅम भरला. पंधरा-सोळा किलोमीटरनंतर करंगळी पेटते, आणि घाट उतरून आले की अंगठ्याची नखं काळी पडतात. हलके आणि परवडणारे असे काय घेऊ? जाता जाता आणखी एक : आमच्या शाळेच्या मुली तालुक्याच्या स्पर्धेत अनवाणी पळतात. त्यांना काय घेऊन द्यावं?

उत्तर : ताई, बूट वाण्याच्या काट्यावर ठेवलात हे फार चांगलं केलंत. त्या एका आकड्यामुळे निम्मं उत्तर हिशेबाने देता येतं.

अर्धमॅरेथॉन २१.१ किलोमीटरची, म्हणून २ तास ८ मिनिटं म्हणजे किलोमीटरला ६ मिनिटं ४ सेकंद. दोन तास गाठायचे तर ५ मिनिटं ४१ सेकंदांचा पेस हवा. किलोमीटरमागे २३ सेकंद कमी करायचे आहेत. यातले बूट किती देतील? मिनिटाला १७० पावलं धरली, तर तुमच्या पुण्याच्या शर्यतीत एकेक पाय जवळपास अकरा हजार वेळा उचलला गेला. २८५ ग्रॅमच्या जागी २०० ग्रॅमचा बूट असता तर दर वेळी ८५ ग्रॅम कमी, म्हणजे एकेका पायाने शर्यतभरात नऊशे किलोंहून जास्त ओझं वाचवलं असतं. ऐकायला प्रचंड वाटतं, पण घड्याळात ते एवढं मोठं दिसत नाही. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठातल्या वाउटर हूगकामर आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. धावपटूंना पत्ता लागू न देता त्यांच्या बुटांत शिशाचे छर्रे भरले आणि त्यांना ३००० मीटर पळवलं. बुटामागे १०० ग्रॅम वाढले की वेळ सरासरी ०.७८ टक्क्यांनी वाढला. तुमच्या ८५ ग्रॅमला हाच हिशेब लावला तर २ तास ८ मिनिटांतले पन्नासेक सेकंद निघतात. एक मिनिटच म्हणा.

आठ मिनिटांपैकी एक मिनिट बूट देतील. ते सोडू नका, कारण ते स्वस्तात मिळतं आणि तुमच्या सहा हजारांत बसतं. बाकीची सात पायांनीच कमवायची आहेत.

आता कार्बन. ग्रुपमधली मंडळी खोटं बोलत नाहीत. २०१७ साली नायकीचा व्हेपरफ्लाय बाजारात आला आणि लांब पल्ल्याच्या शर्यतींची सगळी गणितं बदलली. त्याच कोलोरॅडोच्या प्रयोगशाळेत तो बूट तपासला तेव्हा, त्या वेळच्या चांगल्या रेसिंग शूजच्या तुलनेत तेवढ्याच वेगाला सरासरी चार टक्के कमी ऊर्जा लागली. पुढे प्रकरण इतकं वाढलं की २०२० मध्ये जागतिक अॅथलेटिक्स संघटनेला रस्त्यावरच्या शर्यतीसाठी सोल ४० मिलिमीटरपेक्षा जाड नको आणि आत एकाहून जास्त पट्टी नको, असा नियम करावा लागला. २०२३ मध्ये बर्लिन मॅरेथॉनमध्ये इथिओपियाच्या टिगिस्ट असेफाने २:११:५३ चा तेव्हाचा महिलांचा विश्वविक्रम केला, तो १३८ ग्रॅमच्या, ५०० डॉलर किमतीच्या बुटांत. हे सगळं खरं आहे.

पण ते चार टक्के ताशी १४ ते १८ किलोमीटर वेगाने पळणाऱ्यांचे होते. तुम्ही ताशी दहाच्या आसपास पळता. नेमका हाच वेग घेऊन डस्टिन जुबेर यांच्या गटाने केलेला अभ्यास २०२३ मध्ये आला. ताशी १२ किलोमीटरला व्हेपरफ्लायचा फायदा सरासरी १.४ टक्के निघाला आणि ताशी १० ला ०.९ टक्के. शिवाय माणसामाणसांत फरक एवढा, की काहींना चांगला लाभ झाला आणि काहींना उलट जास्त ऊर्जा लागली. म्हणजे तुमच्या बाबतीत कार्बनच्या महाग जोडीतून आणखी एखादं मिनिट मिळेल किंवा मिळणारही नाही. पहिलं मिनिट पाच-सहा हजारांत येतं आणि दुसरं, बेभरवशाचं मिनिट वर चौदा-पंधरा हजार मागतं. शिक्षिकेच्या पगारातून, घरी आवंढा गिळून सांगावं लागेल असा हा खर्च मी तुम्हाला करू देणार नाही.

आणखी एक गोष्ट ग्रुपमध्ये जरूर सांगा. व्हेपरफ्लायमधली कार्बनची पट्टी करवतीने आडवी कापून संशोधकांनी तोच बूट पुन्हा तपासला, तर ऊर्जेत म्हणावा असा फरक पडला नाही. त्या बुटाचं मोठं काम त्याच्या सोलमधला फोम करत होता. हल्ली बऱ्याच स्वस्त बुटांवर ‘कार्बन प्लेट’ असं ठसठशीत लिहिलेलं असतं आणि पट्टीच्या खालीवर साधाच फोम असतो. अशा बुटात कडकपणा तेवढा हाती येतो. तेव्हा सहा हजारांत कार्बन मिळत असेल, तर तो कार्बनच नको.

आणि ‘फर्स्ट कॉपी’ तर अजिबात नको. फुकट दिली तरी नको. कॉपी करणारा रंग, चिन्ह आणि शिलाई उतरवतो, आतला फोम उतरवत नाही, कारण सगळा खर्च तिथेच असतो. जाड, उंच आणि अरुंद सोल ज्या फोमच्या भरवशावर उभा केलेला असतो, तो फोमच वेगळा निघाला तर काय होईल? चाळीस मिलिमीटर उंचीवर तुमचा घोटा डुगडुगत राहणार. बुटाखातर पाय मुरगळला तर जानेवारी हातची गेली. आणून देणाऱ्याला थेट नाही म्हणा.

आता खरं बोलतो. तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची ओळ वजनाची नाही. करंगळी पेटते आणि नखं काळी पडतात, ही आहे. तुमचे आत्ताचे शूज तुम्हाला लहान आणि अरुंद आहेत. पळताना पाय सुजतो, तासाभरानंतर तो सकाळी बुटात घातला होता तेवढा राहत नाही, आणि साताऱ्याच्या शर्यतीत यवतेश्वरचा घाट उतरताना प्रत्येक पावलाला बोटं पुढे जाऊन धडकतात. काळ्या नखांचं मूळ बहुतेक वेळा तिथे असतं. याच मापाचा, फक्त हलका बूट घेतलात, तर शेवटच्या पाच किलोमीटरमध्ये तुम्ही करंगळी वाचवत तिरकं पळणार, आणि ८५ ग्रॅमने मिळवून दिलेलं मिनिट दोन किलोमीटरमध्ये परत जाईल. रेसिंगचे बूट तर रोजच्या बुटांपेक्षा मुद्दाम आवळ बांधलेले असतात, म्हणून मापाची काळजी इथे दुप्पट घ्यायची.

अबेबे बिकिला हे नाव तुम्हाला माहीत असेल. १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये तो इथिओपियन धावपटू अनवाणी मॅरेथॉन पळाला आणि २:१५:१६ वेळेचा विश्वविक्रम करून जिंकला. तिथे मिळालेले बूट पायाला नीट बसेनात आणि अनवाणी पळायची सवय होतीच, म्हणून तो तसाच उतरला, असं सांगतात. चार वर्षांनी टोकियोला त्याने बूट घातले आणि २:१२:११ मध्ये पुन्हा सोनं घेतलं. न बसणाऱ्या बुटापेक्षा उघडा पाय बरा, आणि बसणारा बूट मिळाला तर तो घालावा, एवढं मी त्यातून घेतो.

माप कसं बघायचं ते सविस्तर सांगतो. दुकानात संध्याकाळी जा, दिवसभर उभं राहून शिकवल्यानंतर. पळताना घालता तेच मोजे सोबत न्या. बूट हातात आला की आधी आतली गादी बाहेर काढा, जमिनीवर ठेवा आणि मोजे घालून तिच्यावर पूर्ण वजन टाकून उभ्या राहा. चवड्याचा कोणताही भाग, विशेषतः करंगळीच्या मुळाशी, गादीच्या कडेबाहेर सांडत असेल तर तो बूट तुमचा नाही. कितीही हलका, कितीही स्वस्त असो, परत द्या. लहानपणी शेतात, अंगणात अनवाणी वाढलेल्या बऱ्याच बायकांचे चवडे रुंद आणि टाचा बारीक असतात, आणि बायकांसाठी काढलेले बहुतेक रेसिंग बूट अरुंद साच्यावर बांधलेले असतात. अशा वेळी पुरुषांच्या विभागातला तेवढ्याच लांबीचा बूट मागा, तो चवड्यात जरा ऐसपैस असतो. विक्रेता चमकून बघेल, बघू दे. लांबी जुळवताना यूके क्रमांकावर जाऊ नका, कारण कंपनीगणिक तो बदलतो. डब्याच्या स्टिकरवर सेंटिमीटरचा आकडाही असतो, तो जुळवा.

मग गादी परत घालून, लेस बांधून उभ्या राहा. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी मोकळी जागा हवी. सर्वांत लांब बोट म्हणजे अंगठाच असेल असं नाही, बऱ्याच जणींचं दुसरं बोट लांब असतं. दोन्ही पाय मोजा आणि मोठ्या पायाला माप द्या. रोजच्या बुटापेक्षा अर्धा किंवा एक नंबर मोठा लागला तर दचकू नका. टाच मात्र हलता कामा नये. हलली, तर लेसच्या ओळीत सगळ्यात वर, जरा मागे सरकलेलं एक जादा भोक असतं, जे सहसा कोणी वापरत नाही. लेस त्याच बाजूने त्या भोकात घालून छोटा फास करा, समोरच्या बाजूच्या लेसचं टोक त्या फासातून ओवा आणि खाली ओढा. टाच जागच्या जागी बसते आणि चवडा मोकळा राहतो. घाट उतरताना नखं वाचवायलाही हीच गाठ उपयोगी पडते. नंतर दुकानातल्या दुकानात किंवा बाहेरच्या फरशीवर दोन-तीन मिनिटं खरोखर पळून बघा. मालक पळू देत नसेल तर दुसऱ्या दुकानात जा. आणि ‘घातल्यावर सैल पडतील’ या बोलण्यावर विश्वास ठेवू नका. चामड्याची चप्पल सैल पडते, हल्लीचं जाळीचं कापड फारसं पडत नाही.

माप जमलं की मग बाकीचं. तुमच्यासाठी मी शोधीन तो बूट असा : बायकांच्या मापात १९० ते २२० ग्रॅम, आत पट्टी नाही, सोल मध्यम जाडीचा, आणि टाच व चवडा यांच्या उंचीतला फरक, ज्याला दुकानात ड्रॉप म्हणतात, तुमच्या आत्ताच्या बुटाच्या जवळपासचा. हा ड्रॉप लोक बघतच नाहीत. दहा मिलिमीटरच्या बुटातून एकदम चारवर आलात, तर सगळा ताण पोटरी आणि टाचेच्या शिरेवर येतो. ते दुखणं पंधरा दिवसांनी डोकं वर काढतं, तोवर बूट परत करायची मुदत संपलेली असते.

फोमची नावं फार आहेत, आणि प्रत्येक कंपनीने आपापलं बारसं केलेलं आहे. त्यात गुंतू नका. साधा ईव्हीए स्वस्त आणि हलका, पण त्याची उसळी बेताची. पेबा जातीचा फोम उसळीला सर्वांत चांगला, पण महाग आणि लवकर दबणारा. यांच्या मधले, वायूच्या दाबाने फुगवलेले फोम आता मध्यम किमतीच्या बुटांतही येऊ लागले आहेत. सहा हजारांत असा एखादा मिळाला तर उत्तम, नाहीतर चांगला ईव्हीए तुमच्या पेसला पुरेसा आहे.

तळ मात्र नीट बघा. वजन वाचवायला कंपन्या पहिली कात्री रबराला लावतात, आणि बुटाखाली बराचसा फोम उघडाच राहतो. आपल्याकडच्या खडबडीत डांबरावर तो पटकन झिजतो. निदान टाचेची बाहेरची कड आणि चवडा एवढ्या जागी रबर असलंच पाहिजे. तुमचा आत्ताचा बूट उलटा करून कुठे झिजलाय ते बघा, नव्यात रबर तिथे हवं. हलक्या बुटाचं आयुष्य कमी असतं हेही धरून चाला. रोजचा दणकट बूट सहाशे-सातशे किलोमीटर सहज काढतो, हलका चारशेच्या आसपास थकतो. म्हणून तो टिकाऊही असावा, अशी अपेक्षा ठेवू नका. हलकं, स्वस्त आणि टिकाऊ हे तिन्ही एकाच डब्यात येत नाही. जुना बूट रोजच्या पळण्याला ठेवला की नवा आपोआप दोन हंगाम जाईल. मात्र रोजचा पुढचा बूट आत्ताच्या मापाचा नको. जुना फाटला की मोठ्या मापातच घ्या, तोवर वरची लेसची गाठ आणि करंगळीला व्हॅसलिन.

नावं विचारलीत तर सांगतो. असिक्सचा हायपर स्पीड हा पट्टी नसलेला, अगदी हलका आणि कंपनीच्या रेसिंग बुटांत स्वस्तातला. प्यूमाचा लिबरेट नायट्रो हलका आणि त्याचा फोम चांगला. डिकॅथलॉनच्या किपरन मालिकेत पट्टीचे आणि बिनपट्टीचे असे दोन्ही प्रकार येतात, तिथे बिनपट्टीचा बघा. त्या दुकानात बूट घालून निवांत पळून बघता येतं, हा फायदा मला किमतीएवढाच मोलाचा वाटतो. आदिदासच्या आदिझेरो मालिकेत सगळ्यात खालच्या पायरीवर एसएल असतो. तो जरा वजनदार आहे, पण रोजचा सराव आणि शर्यत दोन्हींना चालतो. ज्यांना एकच जोडी घ्यायची आहे त्यांच्यासाठी हा बरा. यातला कुठला घ्यायचा ते मी ठरवणार नाही, तुमचा चवडा ठरवेल.

पैसे वाचतात ते आवृत्तीत. दरवर्षी-दीडवर्षी त्याच नावाचा पुढचा क्रमांक येतो आणि मागचा क्रमांक दुकानदाराला अडचण होऊन बसतो. दोन्हींत फरक बहुधा वरच्या कापडाचा आणि रंगाचा असतो. मागची आवृत्ती मागा. कोणाला आवडत नाही असा भडक रंग चालवून घेतलात तर आणखी खाली मिळते. दसरा-दिवाळीचे सेल आणि हंगामअखेरचे सेल हे त्याचे दिवस. दुकानात माप घेऊन ऑनलाइन मागवायचं असेल, तर आवृत्तीचा क्रमांक नेमका जुळवा, कारण आवृत्तीबरोबर कधीकधी साचाही बदलतो, आणि परत करता येईल याची खात्री करूनच पैसे भरा. डबा हातात आल्यावर स्टिकरवरचा उत्पादनाचा महिना-वर्ष वाचा, तो छापणं कायद्याने सक्तीचं आहे. वर्ष-दोन वर्षांपूर्वीचा माल खुशाल घ्या. चार-पाच वर्षं गोदामात तापलेला नको, कारण गोंद आणि फोम दोन्ही न वापरताही म्हातारे होतात. आणि घरी आल्यावर पुन्हा वाण्याच्या काट्यावर ठेवा. जाहिरातीतलं वजन बऱ्याचदा पुरुषांच्या एका ठरावीक मापाचं असतं, तुमचं भरेल ते त्याहून कमी.

वापरलेले कार्बन शूज निम्म्या किमतीत विकणारेही भेटतील. नको. फोम आधीच्या माणसाच्या वजनाने आणि त्याच्या चालीने दबलेला असतो, आणि तो किती दबलाय हे डोळ्यांना दिसत नाही.

मुंबईची शर्यत जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. दिवाळीच्या सेलमध्ये बूट घेतलेत तरी हाताशी दोन महिने राहतात. पहिल्यांदा फक्त पाच किलोमीटर पळा, सावकाश. मग आठवड्यातून एकदा वेगाच्या सरावाला तेच घाला. डिसेंबरात एकदा सोळा-अठरा किलोमीटरचा लाँग रन याच बुटांत, त्यातले मधले आठ ५:४१ च्या पेसने. करंगळी पेटायची असेल तर ती त्या दिवशी पेटेल, आणि लेस, मोजे, व्हॅसलिन यांचं काय ते ठरवायला वेळ मिळेल. या रनच्या अखेरीला मुद्दाम पाण्याची बाटली बुटांवर ओता आणि दोन किलोमीटर पळा. मुंबईत वाटेत पाणी आणि ओले स्पंज हातात मिळतात, लोक ते डोक्यावर पिळतात आणि सगळं पाणी खाली बुटात उतरतं. ओल्या बुटात पाय घसरतो की नाही, हे पेडर रोडच्या उतारावर पहिल्यांदा कळून चालणार नाही. मोजे सुती नकोत, ते पाणी धरून ठेवतात आणि फोड आणतात.

साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनला हे बूट नेऊ नका. पावसाळी दिवस, ओला घाटरस्ता, एवढा चढ आणि मग तेवढाच उतार, तिथे रोजच्या बुटाचा रबराचा जाड तळ हवा. हलक्या बुटाचं काम सपाट रस्त्यावर. मुंबईत पेडर रोडचा चढ सोडला तर पायाला त्रास देणारं फार काही नाही. तिथली खरी अडचण दमट हवा.

राहिलेल्या सात मिनिटांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तुम्ही ते विचारलेलं नाही. आठवड्यातला एक दिवस टेम्पोला, म्हणजे जोरकस पण सलग टिकेल अशा वेगाने पळायला, एक लांब पल्ल्याला, बाकीचे दिवस बोलता येईल इतक्या सावकाश. घाटातल्या दोन शर्यती पूर्ण केलेल्या बाईचे पाय मुळात तयार असतात, त्यांना सपाटीवर वेगाची सवय लागायची बाकी असते. एका हंगामात सातही मिनिटं निघतील असं वचन कोणी देऊ नये. पण पुण्यात आवळ बुटांत, पेटलेल्या करंगळीने २:०८ आलेलं आहे, हे विसरू नका. शेवटच्या पाच किलोमीटरमध्ये पाय मोकळा राहिला तर तिथेही काही मिळेलच.

आता मुलींबद्दल. हा प्रश्न तुम्ही जाता जाता म्हणून लिहिलात, पण मला तो सगळ्यात मोठा वाटला. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर तुमच्याच जिल्ह्यातली. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत सलग तीनदा पहिली आणि २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे ओलांडत पळायच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत दहावी. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतचं पळणं डोंगरवाटांवर अनवाणीच सुरू झालं. तुमच्या वर्गातल्या मुली त्याच मातीतल्या आहेत. अनवाणी पळतात म्हणून त्यांची कीव करायची गरज नाही. मातीच्या मैदानावर ६०० मीटर पळायला त्यांचे पाय समर्थ आहेत, आणि सवय नसलेल्या मुलीला स्पर्धेच्या आदल्या दिवशी नवे बूट घालायला दिले तर ती हरेल. शाळेच्या गणवेशाचे काळे बूट तर पळायला कधीच देऊ नका, ते जड असतात आणि वाकत नाहीत.

बूट लागतात ते सरावाला, जेव्हा रस्त्यावर रोज दोन-तीन किलोमीटर पळणं सुरू होतं. काचा, खिळे, बाभळीचे काटे, उन्हात तापलेलं डांबर. त्यासाठी कार्बन नको, पेबा नको. पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं वापरतात तसले साधे, हलके, वाकणारे बूट कराडच्या बाजारातही मिळतील. वाढत्या वयात पाय वर्षभरात नंबर बदलतो, म्हणून एकेकीला जोडी घेऊन देण्यापेक्षा शाळेत बुटांची पेटी करा. आधी सगळ्या मुलींचे पाय कागदावर पेन्सिलीने आखून घ्या, लांबी सेंटिमीटरमध्ये लिहा, आणि ज्या तीन-चार मापांत बहुतेक मुली बसतात त्या मापांच्या दोन-दोन जोड्या घ्या. मोजे ज्याचे त्याने आणायचे. दुकानदाराला शाळेसाठी म्हणून सांगा आणि एकदम आठ जोड्यांचा भाव करा. ग्रुपमधल्या ज्या मंडळींकडे कार्बनचे शूज आहेत, त्यांच्याकडे घरात धूळ खात पडलेले जुने रोजचे बूटही असणारच. रेसिंगचा वापरलेला बूट घेऊ नका म्हटलं, ते तुमच्या अर्धमॅरेथॉनसाठी. दोन किलोमीटरच्या सरावाला, तळ शाबूत असलेला, धुऊन उन्हात वाळवलेला लहान मापाचा बूट चालतो. तो मागा, आणि न लाजता मागा. तालुक्याच्या स्पर्धेला अजून वेळ असेल तर पेटी आधी सरावात येऊ द्या, आणि स्पर्धेच्या दिवशी बूट घालायचा की नाही ते त्या मुलीलाच ठरवू द्या.